अमावास्येचा बघायचा कार्यक्रम

पाऊस नसला की आकाश स्वच्छ असतं. एवढ्या एका गोष्टीमुळे माझ्या बहिणीचं लग्न मोडलं. (मोडलं म्हणणंही तसं बरोबर नाही. मोडायला आधी जुळावं लागतं, आणि ते जुळतंय हे घरात मला सोडून सगळ्यांना ठाऊक होतं.)

मी ठरवलं होतं ते अगदी साधं होतं. ऑफिसातल्या महादेवप्पांना एकदा घरी बोलवायचं आणि गच्चीवरून तारकागुच्छ दाखवायचा. यात कुणाचं काही वाईट होईल असं तुम्हाला तरी वाटलं असतं का?

मी संगप्पा. लातूरच्या कचेरीत टंचाई शाखेत कारकून आहे. कुठल्या गावाला टँकर हवा, कुठल्या गावाचा टँकर रस्त्यातच कोरडा झाला, हे कागद माझ्याकडे येतात. लातूर जिल्हा होऊन फार दिवस झालेले नाहीत. पाट्या नव्या, शिक्के नवे, साहेब नवे, आणि दुष्काळही जिल्ह्याबरोबरच नव्यानं आल्यासारखा मुक्काम ठोकून बसलेला. पंखे मात्र अजून यायचे आहेत. आमच्या मोठ्या खोलीत एकच पंखा, आणि त्याच्या बरोबर खाली अव्वल कारकून महादेवप्पा. त्यांच्या शेजारी आणखी एका टेबलाची जागा रिकामी होती. मे महिन्यात त्या जागेसाठी माणूस काय वाटेल ते करेल. मी तर फक्त आकाश दाखवणार होतो.

आकाशाचं वेड मला भुजंगरावांनी लावलं. ते हायस्कूलमध्ये शास्त्र शिकवतात. उन्हाळ्याच्या सुट्टीपुरती शाळेची दुर्बीण त्यांनी माझ्याकडे ठेवायला दिली. (शाळेत उंदीर फार झालेत, असं कारण सांगितलं. उंदीर दुर्बिणीचं काय करतात हे मी विचारलं नाही.) मेच्या अखेरीला, जेवणवेळेच्या सुमाराला, दक्षिणेकडे नरतुरंग नावाचा तारकासमूह वर आलेला असतो. त्यात एक पुसट ठिपका आहे. साध्या डोळ्यांना तो पिठाचं बोट लागल्यासारखा दिसतो. दुर्बीण लावली की तो ठिपका राहत नाही, मूठभर रवा सांडावा तसा कणाकणाचा होतो, आणि त्यातला एकेक कण म्हणजे एकेक सूर्य. असे लाखो सूर्य एकमेकांना धरून गोल होऊन बसलेले. असले गोल तारकागुच्छ आकाशात शंभरावर आहेत म्हणतात, पण आपल्याला दिसणाऱ्यांत याच्याएवढा ठळक दुसरा नाही. उत्तरेकडच्या लोकांना तो क्षितिजाला घासून दिसतो, आमच्याकडे मात्र चांगला वीतभर वर येतो. नव्या जिल्ह्याला एवढं तरी मिळालं, असं मी ऑफिसात सांगत असे. (उस्मानाबादेहून, म्हणजे आमच्या जुन्या जिल्ह्यातून, तो आमच्यापेक्षा किंचित वरच दिसतो, पण हे मी कुणाजवळ बोललो नाही.)

गच्चीवर माझ्यासोबत न कंटाळता बसणारं माणूस एकच, माझी धाकटी बहीण शिवकांता. आई-वडील गेल्यापासून ती आमच्याकडेच आहे. बालवाडीत शिकवते. कामाला वाघ, बोलायला गोड, पण डोळ्यांवर जाड भिंगांचा चष्मा, आणि मुलगी बघायला येणाऱ्यांना त्या चष्म्याच्या पलीकडचं काही दिसत नसे. उदगीर, निलंगा, देगलूर, कुठकुठली स्थळं आली, पोहे खाल्ले आणि 'कळवतो' म्हणून गेली. एकदा उमानं, म्हणजे माझ्या बायकोनं, तिला चष्मा काढून बाहेर पाठवली, तर ती मुलाच्या वडिलांऐवजी जीपच्या ड्रायव्हरच्या पाया पडली. ड्रायव्हरनं तोंड भरून आशीर्वाद दिला. पाहुण्यांनी दिला नाही. त्या दिवशी शिवकांतानं सांगून टाकलं, की यापुढं या घरात हे कार्यक्रम नकोत, ज्याला मी चष्म्यासकट चालेन त्यानंच यावं. मी तिला म्हणालो, असं मनाला लावून घ्यायचं नसतं. दर खेपेला मी हेच म्हणत असे.

तर त्या सोमवारी मी महादेवप्पांच्या टेबलाशी गेलो. ते आमच्यातलेच, उदगीरकडचे, लिंगायत, म्हणून जरा बोलायला सोपे. ऑफिसात मी एरवी आकाशाबद्दल इतका बोलतो की आकाश हा शब्द दर वाक्यात घालायची मला गरज वाटत नाही. मी सरळ म्हणालो, "साहेब, येत्या शनिवारी संध्याकाळी आमच्याकडे बघायचा कार्यक्रम ठेवलाय. घरच्यांना घेऊन या."

महादेवप्पांनी पेन खाली ठेवलं. माझ्याकडे बराच वेळ बघितलं आणि त्यांचा चेहरा एकदम मऊ झाला.

"तुम्ही होऊन बोलावलंत, बरं केलंत," ते म्हणाले. "आम्ही वाटच बघून राहिलो होतो. आपण होऊन कसं विचारायचं?"

या माणसाला खगोलशास्त्राची एवढी ओढ असेल याची मला कल्पना नव्हती.

"पण शनिवारी तर अमावास्या आहे," ते जरा थांबून म्हणाले.

"म्हणूनच तर शनिवार धरला, साहेब. पौर्णिमेला काय दिसणार?"

त्यांना ते काही पटल्यासारखं दिसलं नाही. आमच्यात मुहूर्ताचं फार स्तोम नाही, असं ते स्वतःशीच म्हणाले. (आमच्यात हे पुरुष म्हणतात. बायकांचं मत कुणी घेतलेलं नाही.) मग त्यांनी विचारलं, मुलालाही आणू ना? मी म्हणालो, आणा की, तरुण डोळ्यांना जास्त चांगलं दिसतं. यावर ते मोकळेपणानं हसले, आणि दुपारी शिपाई माझं टेबल उचलून पंख्याखाली घेऊन आला. शास्त्राला या देशात किंमत नाही असं जे म्हणतात त्यांचा मला त्या दिवशी फार राग आला.

घरी मी एवढंच सांगितलं, की शनिवारी ऑफिसातलं एक बिऱ्हाड तारे बघायला येणार आहे. कोण ते उमानं विचारलं नाही. किती जण आणि किती पाणी पितात, एवढंच विचारलं. आमच्या गल्लीत तेव्हा टँकर एक दिवसाआड येत होता आणि बहुतेक वेळा तो एक दिवस यायचा राहून जात होता. शिवकांता मात्र खूश झाली. तिनं गच्ची झाडली, दोन सतरंज्या अंथरल्या आणि दुर्बिणीची भिंगं जुन्या धोतराच्या मऊ तुकड्यानं पुसून ठेवली.

शनिवारी दिवस मावळताना महादेवप्पा आले. अंगात इस्त्रीचा पांढरा सदरा, हातात पेढ्यांचा पुडा. मागं त्यांच्या पत्नी गंगम्मा, रेशमी इरकल नेसलेल्या, गळ्यात बोरमाळ. आणि त्यांच्या मागं त्यांचा मुलगा विरूपाक्ष, मुखेडकडच्या दुष्काळी कामांवर ओव्हरसियर आहे तो. उंच, शांत, डोळ्यांना चष्मा. तारे बघायला एवढं नटून आलेलं कुटुंब मी प्रथमच बघत होतो. मला भरून आलं.

उमा दारात आली आणि तिच्या हातातलं फडकं गळून पडलं. तिनं पदर डोक्यावर घेतला, पाहुण्यांना बसा म्हणाली, आणि मला खांद्याला धरून आत ओढलं.

"हे महादेवप्पा येणार होते?"

"हो. सांगितलं की, ऑफिसातलं बिऱ्हाड."

"तुम्ही त्यांना काय म्हणून बोलावलंत?"

"बघायला," मी म्हणालो. "दुसरं काय म्हणून बोलावणार?"

ती माझ्याकडे अशी बघत राहिली की मला वाटलं पाण्याची काळजी आहे. फार काही करू नको, पन्हं पुरे, असं सांगून मी बाहेर आलो. आत शिवकांताच्या खोलीचं दार लागलं आणि पेटी उघडल्याचा आवाज आला.

मला आता खरं म्हणजे पाहुण्यांना बसू द्यायला हवं होतं. पण अंधार पडायच्या आत दुर्बीण लावून घ्यायची होती. मी म्हणालो, चला, वर चला, कार्यक्रम वर आहे. गच्चीवर जायला आमच्याकडे लोखंडी शिडी आहे. गंगम्मांचे गुडघे दुखतात. त्या शिडीच्या पहिल्या पायरीवर उभ्या राहून आपल्या नवऱ्याकडे बघत होत्या, आणि नवरा माझ्याकडे. शेवटी विरूपाक्षानं आईला खालून आधार दिला, मी वरून हात दिला, आणि मध्ये कुठंतरी इरकलीचा काठ शिडीच्या खिळ्यात अडकून टर्रकन आवाज आला.

गच्चीवर सतरंजीवर बसून दम घेतल्यावर गंगम्मा म्हणाल्या, "वर कशाला ओ? खाली बसूनच बघितलं असतं की."

"खालून नाही दिसत, मावशी. मोकळी जागा लागते. आमचं हे स्थळ त्या दृष्टीनं फार चांगलं आहे."

"स्थळ चांगलं हाय म्हणूनच आलाव," गंगम्मा म्हणाल्या. "मग आटपा. उजेड हाय तवर दावा."

"उजेडात दाखवण्यात काही अर्थ नाही. अंधार पडू द्या. शेजारच्या वायरमन शेषेरावांना मी सांगून ठेवलंय, आठ वाजता ते गल्लीतला दिवासुद्धा घालवणार आहेत."

गंगम्मांनी बोरमाळ घट्ट धरली. महादेवप्पा घसा साफ करून पुढं सरकले. टंचाई शाखेत आलेल्या सरपंचाशी बोलावं तसं सावकाश बोलायला लागले.

"संगप्पा, काही असेल तर आधीच सांगा. नंतर कळण्यापेक्षा बरं. काही दोष आहे का?"

"दोष कसला, साहेब? थोडं धूसर आहे, पण तो आपल्या डोळ्यांचा दोष. खरं तर सरळ नजरेनं बघायचंच नसतं. जरा तिरकं बघायचं, म्हणजे नीट दिसतं."

"तिरकं?" गंगम्मा म्हणाल्या.

"हो. सगळ्यांना नाही जमत. आमच्या शिवकांताला फार छान जमतं. ती तर तिरकंच बघते."

(हे मी सरळ मनानं सांगत होतो. पुसट तारा थेट बघितला तर नाहीसा होतो, त्याच्या शेजारी बघितलं की उमटतो. भुजंगरावांना विचारा हवं तर.)

"अय्यो शिवा," गंगम्मा पुटपुटल्या आणि मुलाकडे वळल्या. "तू तर चष्माच हाय म्हनलास."

विरूपाक्ष खाली मान घालून सतरंजीचा धागा ओढत बसला होता. त्याच्या एव्हाना लक्षात आलं होतं असं मला आता वाटतं, कारण त्याचे खांदे हलत होते. त्यानं बोलायला तोंड उघडलं, पण तेवढ्यात महादेवप्पांनी विचारलं, "आणि वय? खरं वय सांगा."

"वयाचं नक्की कुणालाच सांगता येत नाही, साहेब. शास्त्रज्ञांचेसुद्धा अंदाजच आहेत. पण भरपूर जुनं आहे. पृथ्वीच्याही आधीचं."

यानंतर गच्चीवर जी शांतता पसरली ती मी आदराची समजलो.

अंधार पडत होता. नरतुरंगातले दोन तेजस्वी तारे आग्नेयेला दिसायला लागले. मी दुर्बिणीला डोळा लावून गुच्छ शोधायला लागलो. शिडीच्या तोंडाशी उमाचं डोकं वर आलं. ती मला हातानं काहीतरी खुणावत होती, दोन्ही हात, भुवया, सगळं. मला वाटलं तिलाही बघायचंय. थांब, तुझाही नंबर लावतो, असं मी मोठ्यानं सांगितलं. डोकं खाली गेलं.

मग शिवकांता वर आली. उमाची जांभळी साडी, केसांत अबोली, हातात पन्ह्याच्या पेल्यांचं ताट, आणि डोळ्यांवर चष्मा. तो तिनं काढला नव्हता. एका हातानं शिडी, एका हातानं ताट, अशी ती एकेक पायरी चढून आली. पेल्यातलं पन्हं हललंसुद्धा नाही. माझी बहीण इतकी छान दिसू शकते हे मला माहीत नव्हतं. विरूपाक्ष उठून उभा राहिला. त्यानं काही केलं नाही, फक्त उभा राहिला, आणि शिवकांतानं त्याच्याकडे बघितलं. सरळ बघितलं. गंगम्मांनी ते पाहिलं आणि त्यांच्या कपाळावरच्या आठ्या थोड्या सैल झाल्या.

आणि तेवढ्यात आठ वाजले. शेषेराव शब्दाचा पक्का माणूस. गल्लीतला दिवा गेला, आणि घरचा मेनस्विचही त्यांनीच येऊन पाडला, कारण तसं मीच त्यांना सांगून ठेवलं होतं.

मिट्ट काळोख झाला. अशा वेळी शहाण्या माणसानं जागचं हलू नये. पण नेमका त्याच क्षणी मला गुच्छ सापडला. दुर्बिणीच्या गोल चौकटीत बरोबर मधोमध, ताजा, रवाळ, लखलखीत. मी आनंदानं ओरडलो, "सापडलं, मावशी, या, आधी तुम्ही बघा," आणि दुर्बीण गंगम्मांच्या दिशेनं गर्रकन फिरवली.

ती ताटाला लागली.

ताट शिवकांतानं सोडलं नाही, हे मुद्दाम सांगतो. अंधारात, शिडीच्या तोंडाशी, एवढा दणका बसूनही ती जागची हलली नाही. पेले तेवढे गेले. शेषेरावांकडून उसन्या आणलेल्या हंड्यातलं पाणी, उदगीरच्या कैऱ्या आणि गूळ, सगळं गंगम्मांच्या इरकलीवर. त्या दुष्काळात आमच्या गल्लीत त्या आठवड्यात एवढं पाणी दुसऱ्या कुणाच्या अंगावर पडलं नसेल.

"दिवा लावा," गंगम्मा अंधारातून म्हणाल्या. "लई झालं."

ते गेले. उतरताना महादेवप्पा मला धरून उतरले. पेढ्यांचा पुडा खोलीत न उघडताच राहिला.

मग उमानं मला पायरीवर बसवून सगळं सांगितलं. गेल्या उन्हाळ्यात विरूपाक्ष लातुरात टँकरच्या कामावर होता. टँकर शिवकांताच्या बालवाडीसमोर थांबायचा. भांडणारी रांग ती न चिडता सरळ करते, हे त्यानं तिथं बघितलं. त्याला स्वतःला चष्मा. ती त्याला चष्म्यासकट हवी होती, आणि तिला तो. त्यानं घरी सांगितलं, घरचे तयार झाले, पण मुलीकडून बोलावणं गेल्याशिवाय मुलाकडच्यांनी यायचं नसतं, म्हणून ते थांबले होते. उमा आपल्या उदगीरच्या मामांना मध्ये घालून मला सावकाश सांगवणार होती.

"मला आधी का नाही सांगितलं?" मी विचारलं.

"तुमच्या पोटात काही राहतं का?" उमा म्हणाली. मग थोड्या वेळानं, "बघायचा कार्यक्रम म्हणालात? याच शब्दांत?"

"याच शब्दांत."

"आणि त्यात आकाश कुठं होतं?"

मी खूप आठवून बघितलं. नव्हतं.

शिवकांतानं जांभळी साडी घडी करून ठेवली आणि अंधारात चाचपडत वर जाऊन पेले गोळा करून आणले. ती चिडली असती तर बरं झालं असतं. मला इतकं वाईट आयुष्यात वाटलेलं नाही. तिच्या वाट्याला एकदाच सरळ माणूस आला होता, आणि तो आला तेव्हा मी तिच्या लग्नाचं सोडून लाखो सूर्यांचं बघत होतो.

रविवारी सकाळी मी महादेवप्पांच्या घरी गेलो. उमा नको म्हणत होती. पण मला वाटलं, गैरसमज आहे, तो शब्दानं झालाय, शब्दानंच मिटेल. मी भुजंगरावांकडून आकाशाचा मोठा नकाशा मागून घेतला (हीही चूक) आणि त्यांच्या बैठकीत पसरला. नरतुरंग दाखवला, गुच्छ दाखवला, तिरकं बघणं म्हणजे काय ते सांगितलं. वय गुच्छाचं होतं, बहिणीचं नाही. बहीण चोवीस वर्षांची आहे आणि तिच्यात काहीएक दोष नाही.

महादेवप्पांनी सगळं शांतपणे ऐकून घेतलं. गंगम्मा दाराच्या चौकटीला टेकून उभ्या होत्या, मागं विरूपाक्ष.

"संगप्पा," महादेवप्पा म्हणाले, "ते आम्हाला घरी आल्यावर पोरानं सांगितलं. तुमच्या बहिणीत काही नाही, हे आम्ही डोळ्यांनी बघितलं. त्या गच्चीवर ती एकटी शहाण्यासारखी उभी होती. मुलगी आम्हाला पसंत आहे."

मी नकाशा गुंडाळायला लागलो. मी म्हणालो, मग उमाच्या मामांना आजच कळवतो, साखरपुड्याचं बघू.

"मुलगी पसंत आहे," ते पुन्हा म्हणाले आणि पत्नीकडे बघितलं.

"पोरगी सोन्यावानी हाय," गंगम्मा म्हणाल्या. "पण लेकरं मामाच्या वळणावर जातात."

विरूपाक्ष एवढंच म्हणाला, की आई, मामा इथं लातुरात राहील, आम्ही मुखेडला.

"रगत मुखेडला येत न्हाई का?" गंगम्मांनी विचारलं.

तो गरीब स्वभावाचा मुलगा आहे. मी निघालो तेव्हा तो कोपऱ्यापर्यंत माझ्यासोबत चालत आला. दुपारच्या एसटीनं मुखेडला जाणार होता. त्याला काहीतरी सांगायचं होतं, ते मी विचारायला हवं होतं. उलट मी त्याला म्हणालो, की मुखेडला अंधार चांगला असतो, तिथून तो गुच्छ छान दिसेल. (हे मी का बोललो मला माहीत नाही. दुसरं काही सुचलं नाही.) तो बरं म्हणाला.

घरी येऊन मी शिवकांताला सगळं खरं सांगितलं. ती तांदूळ निवडत होती. ऐकता ऐकता तिचा हात थांबला.

"म्हणजे मी पसंत पडले?" तिनं विचारलं.

"हो."

"चष्म्यासकट?"

"चष्म्याचं नावसुद्धा कुणी काढलं नाही."

सोन्यावानी हे तिनं मला परत एकदा म्हणायला लावलं, गंगम्मा म्हणाल्या तसंच. मग विचारलं, "आणि नापसंत कोण झालं?"

"मी," मी म्हणालो.

ती हसली. इतकी हसली की सुपातले तांदूळ खाली सांडले, उमा आतून बघायला आली आणि तीही हसायला लागली. मग शिवकांतानं चष्मा काढला, पदरानं पुसला, डोळ्यांना लावला, पुन्हा काढला आणि पुन्हा पुसत बसली. आता ती हसत नव्हती. उमा तिच्याजवळ जाऊन बसली आणि मी उगाच सांडलेले तांदूळ वेचत राहिलो.

मी म्हणालो, पुन्हा जातो, गंगम्मांचे पाय धरतो, बदली मागून घेतो, कुठं लांब उमरीला जाऊन राहतो. शिवकांता म्हणाली, अण्णा, तू आता कुठं जाऊ नको, तू गेलास की आणखी काहीतरी होतं.

संध्याकाळी जेवायला बसलो. भाकरी, तुरीचं वरण, ठेचा. माझ्या डोळ्यांसमोरून गंगम्मा हलेनात. असं काय आहे माझ्यात? नोकरी आहे, व्यसन नाही, कुणाशी वाईट वागलो नाही. घडीभर बघून माणसाला कुणी असं नको कसं म्हणू शकतं? मी भाकरी मोडली आणि ताट बाजूला सारलं.

शिवकांतानं ते ताट पुन्हा माझ्यापुढं सरकवलं आणि वरणावर तूप वाढलं.

"जेव, अण्णा," ती म्हणाली. "पहिल्या खेपेला घास उतरत नाही. पुढच्या खेपेपासून उतरतो."